माटोळी मुलांच्या हाती द्यायची तर

आमची मुलं शाळेत जात नाहीत हे कळलं की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग दिवसभर करतात काय?" चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर कोणी विचारलं तर मी त्यांना सरळ कुळागरात, आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत, धाडते. तिथे थोरली सुपारीचा कुठला घड उतरवायचा यावरून आजोबांशी हुज्जत घालत असते आणि धाकटा केवण या रानझुडपाची साल सोलत बसलेला असतो.

क्राफ्टचा वेगळा तास आमच्याकडे नाही. मुलांनी कार्डबोर्डवर चमकी चिकटवायची आणि खरी माटोळी मोठ्यांनी बांधायची, हे मला कधी पटलंच नाही. सणाला घरात जे लागतं, त्यातलंच काहीतरी मुलांनी करावं. ते वाकडं झालं तरी तेच लागतं, तेच वापरायचं.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट, रानातल्या आणि परसातल्या फळाफुलांनी भरलेली. मुलांना पहिल्यांदाच बांधू देणार असाल तर चौकट दोन फूट बाय तीन फूट पुरे. पोफळीच्या रिपा घ्या, नाहीतर बांबूच्या. आडव्याउभ्या वीतभर अंतरावर बांधा. खिळे नकोत, गाठीच मारा. रिपा फाटत नाहीत आणि मुलांना गाठी येतात.

दोर केवणीचा. अंगठ्याएवढी ओली फांदी घ्यायची, बुंध्याकडच्या टोकाला सालीला चीर द्यायची आणि पट्टी धरून हळूच ओढायची. मध्येच बारीक डोळा आला की पट्टी तिथे तुटते, म्हणून सरळ फांद्या निवडायला शिकवा. केवण मिळाली नाही तर सुंभ चालतो. प्लास्टिकची दोरी मी घेत नाही. गाठ सरकते आणि ओला देठ निसटतो.

आता वजन. न सोललेला नारळ किलो-सव्वा किलो सहज भरतो, केळ्यांचा घड त्याहून जड. आमच्याकडे हुकाचा काटा आहे. प्रत्येक जड वस्तू मुलं तोलतात, वहीत लिहितात, बेरीज करतात आणि मग डावीकडे किती, उजवीकडे किती ते ठरवतात. सगळं एका बाजूला गेलं तर चौकट कशी कलते, ते जमिनीपासून हातभर उंचीवर टांगून आधीच बघून घ्यावं. छताचा हूक भक्कम आहे का, ते मात्र मोठ्या माणसानेच बघायचं.

बांधायचा क्रम असा. आधी नारळ, तेही जोडीने: दोन्ही नारळांच्या सोडणाची एकेक पट्टी वरून अर्धी सोलायची, त्या दोन पट्ट्यांची एकमेकींशी गाठ मारायची आणि जोडी रिपेवर टाकायची. ही गाठ धाकट्याला सोपी जाते, कारण पट्टी रुंद असते. मग सुपारीचे घड, केळी, निरफणस, तोरिंग, चिबूड, काकडी. त्यानंतर आंबाडे, दोडके. रानातलं सगळ्यात शेवटी, कारण ते नाजूक: कांगलांचे घोस, घागऱ्या, तांबडीलाल कवंडळं. कडेला आंब्याचे टाळे. प्रत्येक फळ चार बोटं देठ ठेवून काढा. दोर देठाला बांधायचा, फळ टोचायचं नाही. टोचलेलं दुसऱ्या दिवशी गळायला लागतं आणि ते नेमकं पूजेवर.

एक गोष्ट कडक आवाजात सांगून ठेवा. माटोळीतलं सगळं खायचं नसतं. कवंडळ दिसायला सुरेख, पण तोंडात घालायचं नाही. वाघनखीची, म्हणजे कळलावीची, फुलं हवीत म्हणून मुलं हट्ट करतात. तिचा कंद तर फारच विषारी, पण बाकीची वेलही विषारीच. ती मोठ्यांनी तोडायची, मुलांनी फक्त चित्र काढायचं.

रान जवळ नसेल तर फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठल्याही माटोळीच्या बाजारात जा. विकायला बसलेल्या बायांना मुलांनीच विचारायचं: मावशी, याचं नाव काय, कुठून आणलंत, याचं तुम्ही आणखी काय करता? मी मागे उभी राहते, मध्ये बोलत नाही. नाव, जागा आणि चित्र असं एक पान प्रत्येक वस्तूला. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेतल्या प्रचंड माटोळ्या मुलांना दाखवायला हरकत नाही, पण घरी किती वस्तू टांगल्या याची चढाओढ नको. वेलीवर निम्मं तरी राहू द्यावं.

(परीक्षेची काळजी करणाऱ्यांसाठी: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत, आणि दहावीला बसायला वयाची १४ वर्षं लागतात. आमच्या बारा वर्षांच्या लेकीला नारळ तोलायला भरपूर वेळ आहे.)

माटोळीआधी हात बसवायचा तर नागपंचमीच्या पातोळ्या बऱ्या. तांदूळ चार तास भिजवून, अगदी कमी पाण्यात, घट्ट वाटायचे, चिमूटभर मीठ. हळदीचं पान धुऊन पुसायचं आणि पीठ पानाच्या मागच्या बाजूला, जिथे शिरा वर आलेल्या असतात तिथे, बोटांनी पातळ पसरायचं. मुलं थापतात जाड. त्यांना सांगा, पानाचा हिरवा रंग पिठातून जरासा दिसला पाहिजे. मध्ये गूळ-खोबऱ्याचं चून, वेलची, पान उभं दुमडायचं, मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफ. पान गरमागरम सोलू नका, जरा निवू द्या. मग पातोळीवर शिरांची नक्षी रेघ न् रेघ उठते. धाकटा ती नक्षी बघून पान ओळखतो, निदान तसं म्हणतो.

दिवाळीचं थोडक्यात. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. खळ टिकावी म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण लहान मुलं असतील तर ते विष घरात नको. कंदील चारसहा दिवस टिकला की झालं. आत एलईडीचाच दिवा, कागदापासून चार बोटं दूर.

नरकासुराचा पुतळा मुलांच्या उंचीपेक्षा मोठा करू नका. गवत, जुने कपडे आणि कागदाचा मुखवटा. पोटात फटाके भरायचे नाहीत, मग कोणी कितीही चिडवलं तरी. पहाटे अंगणात पाण्याची बादली भरून ठेवूनच पेटवायचा. नंतर अभ्यंगस्नान, तुळशीपुढे कारीट चिरडायचं आणि पोह्यांना बसायचं. गुळाचे पोहे आमच्याकडे आता थोरलीच कालवते आणि वेलची जास्तच घालते.