सहकार्य कक्षाची समाधान-पाहणी: प्रश्नावली पाठवण्याआधी

विद्यापीठाचा सहकार्य कक्ष म्हणजे बाहेरच्या संस्थांशी करार करणारा विभाग. त्याच्या कामावर लोक किती समाधानी आहेत हे विचारायचं असेल तर लगेच प्रश्न लिहायला बसू नका, आधी फाइली काढा. मागच्या वर्षभरातले दहा सामंजस्य करार घ्या आणि प्रत्येकाच्या तारखा एका कागदावर मांडा: विनंती कधी आली, मसुदा कधी गेला, विधी विभागाकडून कधी परतला, सही कधी झाली. असं करताना मला एका फाइलीत मसुद्याच्या सात प्रती सापडल्या होत्या, आणि त्यातली शेवटची कोणती हे कक्षात कुणालाच सांगता येईना. पलीकडच्या संस्थेचा समन्वयक मात्र दर आठवड्याला नम्रपणे विचारत होता, ‘काही कळलं का?’ नाराजीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. उशीर माणसं सोसतात. आपलं काम कुठे अडलंय हेच कळत नसेल तर मात्र वैतागतात.

मग कोणाला विचारायचं ते ठरवा. विद्यार्थी, प्राध्यापक, उद्योगातले भागीदार आणि दुसऱ्या विद्यापीठांचे समन्वयक यांची कामं वेगळी, म्हणून प्रश्नही वेगळे हवेत. मधेच कंटाळून ज्यांनी नाद सोडला त्यांची यादी मात्र आवर्जून करा. ती कुठल्याच अहवालात नसते, जुन्या ईमेलमधून शोधावी लागते. फक्त करार झालेल्यांना विचारलं तर गुण चांगलेच येणार.

तयार साचा हवा असेल तर सेवेचा दर्जा मोजणारी 1988 सालची ‘सर्व्हक्वल’ मोजपट्टी आहे. विश्वासार्हता, तत्परता, खात्री, आस्था आणि दृश्य सुविधा या पाच अंगांवर तिची 22 विधानं आहेत. पण ती अपेक्षा आणि अनुभव असं दोनदा विचारते, म्हणजे 44 उत्तरं. क्रोनिन आणि टेलर या संशोधकांनी 1992 मध्ये फक्त अनुभव विचारणारी ‘सर्व्हपर्फ’ मांडली. कामात गुंतलेल्या माणसांसाठी मला तीच बरी वाटते. विधानं जशीच्या तशी उचलू नका. ‘कर्मचारी तत्पर आणि नम्र आहेत’ असंही लिहू नका, कारण नम्र पण संथ माणसाबद्दल उत्तर देणारा अडकतो.

भागीदार चारच असतील तर निनावीपणाचं आश्वासन देऊ नका. उत्तरावरून माणूस ओळखू येतो. तिथे फोन करून बोला, आणि तो फोन फाइल हाताळणाऱ्याने करू नये. प्रश्नावलीची आधी पाच जणांवर चाचणी घ्या. उत्तरं कोण वाचणार आणि त्यावर काय केलं हे उत्तर देणाऱ्यांना किती दिवसांत कळवणार, ती तारीख प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत टाका.