सांगलीहून जर्मनीला लेकीकडे: शेतकरी आई-वडिलांची शेंगेन व्हिसाची फाईल

जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांत एकाच व्हिसावर जाता येतं, तो शेंगेन व्हिसा. त्यासाठी नोकरदाराची फाईल सोपी. पगारपत्रक, फॉर्म १६, रजेचं पत्र, झालं. तासगाव-वाळव्याकडच्या ज्या घरांत पैसा ऊस, द्राक्ष किंवा बेदाण्यातून येतो, तिथली फाईल बहुतेक वेळा पैसा कमी म्हणून अडत नाही, तो कुठून आला हे कागदावर दिसत नाही म्हणून अडते. खात्यावर वर्षभर वीस-पंचवीस हजार असतात आणि एके दिवशी एकदम चार लाख जमा होतात. कारखान्याचं बिल आलं हे आपल्याला कळतं. स्टेटमेंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ते अर्जापुरते उसने आणून ठेवलेले पैसे वाटतात.

म्हणून सुरुवात बँकेपासून करा. पासबुकाची झेरॉक्स नको, सही-शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. व्हिसाच्या कागदांच्या यादीत (चेकलिस्ट) कमी महिन्यांचं मागितलं असलं तरी वर्षभराचं द्या, कारण ऊसबिल काही दर महिन्याला येत नाही. मोठ्या जमेसमोर पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने कारखान्याचं बिल किंवा अडत्याची पट्टी मागे लावा. पट्टीवरची रक्कम आणि खात्यावरची रक्कम जुळत नसेल (उचल, हमाली, सोसायटीची कपात), तर फरक कशाचा ते कव्हरिंग लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, एका ओळीत लिहा. अर्जाच्या आठवड्यात भावाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकू नका. असलेल्या चांगल्या नोंदींवरही त्यामुळे संशय येतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी रिटर्न भरलेलं नसतं. तसं स्पष्ट लिहा आणि सातबारा, आठ-अ जोडा. हे उतारे मराठीत असतात, त्यामुळे इंग्रजी भाषांतर सोबत हवं. परत येण्याचं कारण म्हणूनही हेच कागद उपयोगी पडतात: जमीन नावावर आहे, ऑक्टोबरात बागेची छाटणी आहे. उताऱ्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं निघालं, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आईच्या कागदांवर माहेरचं नाव निघणं तर नेहमीचंच.

खर्च लेक करणार असेल, तर तिने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे खर्चाचं हमीपत्र, काढावं. फी २९ युरो. मूळ प्रत कुरियरने मागवा; व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर काम होत नाही. हे मिळालं तरी आपले शेतीचे कागद गाळू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाला १५ दिवसांपेक्षा कमी उरल्यावर केला तर उशीर. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कागद वाढवून मागितले तर ४५ पर्यंत. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर भरतात. दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. व्हिसा फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजाराचं कलम नीट वाचून घ्या. विमानाचं फक्त रिझर्व्हेशन जोडा, तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा.

बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः पुण्याच्या व्हिसा केंद्रात जावं लागतं. सकाळची वेळ मिळाली तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे पुण्यात सोडते. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीनवर पटकन उमटत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी हाताला तेल किंवा क्रीम लावत जा; त्या दिवशी मात्र हात कोरडे, स्वच्छ ठेवा.

पासपोर्ट परत आला की त्यातलं व्हिसाचं स्टिकर तिथेच वाचा. नाव आणि पासपोर्ट नंबर तपासा, मग तारखा आणि दिवस. इथे बरेच जण फसतात. व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत चालतो ही एक गोष्ट आणि शेंगेन देशांत किती दिवस राहता येतं ही दुसरी. दोन्ही पाळाव्या लागतात. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १ मेला उतरलात तर नव्वदावा दिवस २९ जुलै. स्टिकरवर ९० पेक्षा कमी दिवस असतील, तर तेवढेच.

विमा, हमीपत्राची प्रत आणि लेकीचा पत्ता हातातल्या पिशवीत ठेवा. विमानतळावरचा अधिकारी हे कागद मागतो तेव्हा मोठ्या बॅगा अजून पट्ट्यावरही आलेल्या नसतात.