पॅनडॉक: आकृतीच्या क्रमांकाऐवजी प्रश्नचिन्ह येत असेल तर

पॅनडॉक म्हणजे एका प्रकारची मजकुराची फाईल दुसऱ्या प्रकारात बदलणारं सॉफ्टवेअर. जुनी स्क्रिप्ट नव्या पॅनडॉकवर चालवली, तर 'पॅनडॉक-साइटप्रॉक' फिल्टर (संदर्भ आणि संदर्भसूची लावणारा जोड-प्रोग्रॅम) सापडत नाही म्हणून ती थांबली. 2020 मधल्या 2.11 आवृत्तीपासून संदर्भ लावायचं काम पॅनडॉकच्या आतच आलंय, म्हणून तो फिल्टर काढला आणि कमांडच्या सुरुवातीलाच '--साइटप्रॉक' टाकलं. संदर्भसूची नीट आली, पण 'आकृती 3' हवं तिथे ठळक अक्षरांत 'फिग:नकाशा?', म्हणजे आकृतीचं लेबल आणि पुढे प्रश्नचिन्ह, उमटलं.

लेबलं तपासली, बिब फाईल (संदर्भांच्या पुस्तकांची यादी) बदलली, क्रॉसरेफ (आकृत्यांचे क्रमांक लावणारा फिल्टर) पुन्हा इन्स्टॉल केलं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, डोकं फिरायची वेळ आली.

कारण क्रमात होतं. फिल्टर आणि साइटप्रॉक, कमांडमध्ये जसे लिहाल त्याच क्रमाने चालतात. आकृतीचा उल्लेख आणि पुस्तकाचा संदर्भ, दोन्ही ॲट चिन्हानेच (@) सुरू होतात. साइटप्रॉक आधी चालला की आकृतीचं लेबलही पुस्तकांच्या यादीत शोधतो आणि मिळालं नाही की प्रश्नचिन्ह लावतो.

मग असं केलं. आधी '--व्हर्शन' देऊन आवृत्ती पाहिली आणि त्याच आवृत्तीसाठी बांधलेलं क्रॉसरेफ घेतलं (जुळत नसेल तर ते स्वतःच इशारा देतं, तो वाचा). जुन्या फिल्टरचा उल्लेख स्क्रिप्टमधून पूर्ण काढला. नंतर '--फिल्टर पॅनडॉक-क्रॉसरेफ' आणि त्याच्यानंतर '--साइटप्रॉक', ह्याच क्रमाने. पहिल्याच फेरीत 'आकृती 3' आलं.

डिफॉल्ट्स फाईल (कमांडचे पर्याय लिहून ठेवायची फाईल) वापरत असाल तर साइटप्रॉक वेगळ्या ओळीत ठेवू नका, फिल्टरांच्या यादीतच क्रॉसरेफच्या खाली लिहा.