लांबच्या राइडला डायनॅमो की बॅटरीचा लाइट? आधी अंधाराचे तास मोजा

सायकलला लाइट घ्यायचा म्हटलं की आपण सगळे पहिले लुमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, बघतो. मीपण तेच केलं होतं, आणि मग रात्री अडीच वाजता एका लांबलचक उतारावर तो भारी लुमेनवाला लाइट लाल टिकली मिचकवायला लागला. उजाडायला अजून तीन तास. पॉवरबँक होती हो सोबत, पण केबल खुपसली की लाइट विझायचाच, चार्ज होताना तो पेटतच नव्हता आणि हे घरी तपासायचं मला सुचलंच नव्हतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी हे गणित मांडायला लावतो.

१. अंधार किती तास?

६०० किमीच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, ४० तास मिळतात. सकाळी ६ ला सुटलात, दिवस-रात्र बारा-बारा तासांचे धरले आणि शेवटच्या मिनिटाला पोचलात तर १६ तास अंधार, त्यातून झोपेचे वजा करा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारखी १२०० किमीची राइड असेल तर ९० तास, म्हणजे तीन-चार रात्री. २०० किमीवाल्याला मात्र साडेतेरा तासच असतात, त्याच्या वाट्याला पहाटेचा नाहीतर संध्याकाळचा थोडासाच अंधार येतो, त्याने डायनॅमोच्या भानगडीत पडूच नये.

२. बॅटरीचं गणित वॉट-तासात करा

मिलीअँपिअरच्या आकड्यावर जाऊ नका. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तास, पण व्होल्टेज वाढवण्यात आणि केबलमधे बरंच जातं, मी दोन-तृतीयांशच धरतो, म्हणजे २५. लाइटच्या स्वतःच्या बॅटरीत समजा १० आहेत. एकूण ३५, आणि रस्ता नीट दिसेल अशा मोडवर लाइट ३ वॉट खात असेल तर साडेअकरा तास. एक रात्र आरामात निघाली. दुसऱ्या रात्रीसाठी मधे कुठेतरी प्लग हवा आणि प्लगशेजारी बसायला वेळ हवा, घोडं अडतं ते इथेच. थंडीत लिथियम सेल आणखी लवकर मान टाकतात, तेही धरून चाला.

खोक्यावर छापलेल्या तासांवर विसंबू नका. लाइट फुल चार्ज करून अंधाऱ्या खोलीत मिडियमवर लावून ठेवा, समोर पंखा असू दे कारण सायकलवर त्याला वारा लागतो, आणि दर अर्ध्या तासाला डोकावा. बरेच लाइट गुपचूप उजेड कमी करत करत तास वाढवतात. केबल लावून पेटतो का तेही याच वेळी बघायचं!

३. डायनॅमो म्हणजे नक्की काय विकत घेताय

बाटली डायनॅमो, तो टायरला घासणारा, विसरा. पावसात घसरतो, टायरची कड खातो आणि रात्रभर कुरकुरतो. आपण बोलतोय हब डायनॅमोबद्दल, म्हणजे पुढच्या चाकाचा हब, मधला तुंबा, तोच वीज बनवतो. साधारण ६ व्होल्ट, ३ वॉट. पण नुसता हब घेऊन भागत नाही, त्याच्याभोवती चाक नव्याने विणावं लागतं, स्पोक वेगळ्या लांबीचे, वर लाइट आणि वायरिंग, त्यामुळे खर्च बॅटरीच्या लाइटपेक्षा बराच जास्त. अॅक्सल कुठला, डिस्क ब्रेक आहे का, स्पोकची भोकं किती, हे आधी बघा.

असा हब हातात धरून अॅक्सल फिरवला की टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखा लागतो आणि माणूस म्हणतो बेअरिंग गेलंय वाटतं. गेलेलं नसतं, ती आतल्या चुंबकांची ओढ असते, चालवताना अजिबात जाणवत नाही. चांगल्या हबला २० च्या वेगात लाइट चालू असताना पायांना पाच-सहा वॉट जास्त लागतात, लाइट बंद असेल तर एखाद-दुसरा. समोरून जरा वारा सुटला तर याहून जास्त खर्ची पडतात, त्यामुळे या ओढीचा बाऊ मला पटत नाही.

खरी अडचण चढावर येते. ताशी सहा-सातने रखडत चढताना उजेड मंदावतो, फडफडतो. थांबल्यावर स्टँडलाइट, म्हणजे लाइटमधे साठलेल्या थोड्या विजेवरचा उजेड, काही मिनिटं मिणमिणतो, बस. यूएसबी चार्जिंगही साधारण १५ च्या वर वेग असेल तरच बरं होतं, आणि लाइट व चार्जिंग एकदम नीट चालत नाही, म्हणून फोनचं काम दिवसा उरकायचं, तेही मधे छोटी पॉवरबँक ठेवून, नाहीतर वेग कमी-जास्त झाला की फोनचं चार्जिंग सारखं तुटत राहतं.

४. उजेड पडतो कुठे ते बघा

जर्मनीत ११ किलोच्या आतल्या रेसिंग सायकली सोडल्या तर २०१३ पर्यंत डायनॅमो सक्तीचाच होता, त्यामुळे तिथल्या नियमांचे डायनॅमो लाइट उजेड रस्त्यावरच पाडतात, वरची कड कापलेली, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. तसा झोत मिळाला तर कमी लुमेनमधेही खड्डा आधी दिसतो. बॅटरीत गोल टॉर्चसारखा झोत घेऊ नका. डायनॅमो लाइट फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) डोक्यावर लावणार असाल तर हँडलबारच्या बॅगेची आडकाठी होत नाही ना ते बघा.

५. मग ठरवा

वर्षातून एखादी रात्र असेल तर बॅटरीचे दोन लाइट घ्या, एकच मोठा नको. सलग दोन-तीन रात्री, तेही दरवर्षी, किंवा प्लगचा भरवसा नाही अशी टूर असेल तर डायनॅमो, आणि चढासाठी वर एक छोटा बॅटरी लाइट. सायकलच्या मागच्या बाजूला मात्र, पुढे काहीही असो, मी बॅटरीचेच दोन लाल लावतो, तासन्‌तास टिकतात, आणि सोबत कुणी असेल तर स्थिर मोडवर, कारण लुकलुकणाऱ्या लाल दिव्यामागे रात्रभर चालवणं म्हणजे छळ आहे.

डायनॅमोवाल्यांनी घरी एकदा अंधारात पुढचं चाक काढून लावून बघा. आधी वायरची पिन काढायची, घाईत चाक ओढलं की वायर तुटते. आणि पंक्चर काढताना चाक फिरत नसतं, म्हणजे लाइटही नाही, तेव्हा कपाळावर बांधायचा छोटा दिवा सॅडलबॅगमधे टाकाच.