दही लागत नाही आणि भात बाधतो: या चुका टाळा

दर रविवारी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी वाटी घेऊन दारात उभी. "काकू, थोडं विरजण मिळेल? परत लागलं नाही." देते मी, नाही कशाला म्हणू, पण वर्षभर हेच चाललंय आणि दर वेळी मी तेच सांगते आणि दर वेळी ती मान हलवून जाते. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, आठ वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाच्या प्लेटांवरचे ठिपके मोजण्यात घालवली आहेत, त्यामुळे सोसायटीत कोणाचं दही बिघडलं, पीठ आंबलं नाही, पोट बिघडलं की माझ्याकडे येतात. आणि चुका त्याच त्याच. चांगल्या बॅक्टेरियांना काम करायला वेळ लागतो, तिथे लोक घाई करतात. वाईट बॅक्टेरियांना वेळ मिळता कामा नये, तिथे मात्र सगळे निवांत, "ठेवून दे गं ओट्यावर, सकाळी बघू".

विरजणाचा खून

तर ही मुलगी काय करते ते एकदा मी वर जाऊन बघितलं. दूध उकळलं, गॅस बंद केला, मोबाइल बघत बघत पाचेक मिनिटं गेली असतील, पातेल्यातून वाफ निघतेय आणि हिने त्यात चमचाभर विरजण टाकलं. मी ओरडलेच. अगं, ते जिवंत आहेत! वाफाळतं दूध सत्तर-ऐंशी अंशांवर असतं, तिथे दह्यातलं कोणी टिकत नाही. दही म्हणजे काय, तर लॅक्टोबॅसिलस, लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस अशी मंडळी दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात, दूध आंबट होत जातं आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की केसिन नावाचं प्रोटीन एकमेकांत गुंतून दही घट्ट बसतं. खाणारेच मेले तर आंबट कोण करणार?

आणि नुसतं दही लागत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. उकळलेल्या दुधातसुद्धा काही बॅक्टेरियांचे स्पोअर शिल्लक असतात, चिलखत घालून झोपलेले, उकळण्याने न मरणारे. चांगली मंडळी मेली, दूध कोमट झालं, रात्रभर झाकून ठेवलं, म्हणजे यांना रान मोकळं. सकाळी दूध पातळच, वर पाणी, चव कडवट, आणि मग लोक काय करतात तर तेच दूध परत गरम करून परत विरजण लावतात. नका हो. ओता ते. अर्ध्या लिटर दुधासाठी घरभर पोटदुखी कशाला.

माझी पद्धत सांगते, यात शास्त्र कमी आणि सवय जास्त आहे. दूध उकळलं की मंद गॅसवर पाच-सात मिनिटं आणखी ठेवायचं, त्याने दही घट्ट लागतं कारण दुधातली बाकीची प्रोटीनं त्या उष्णतेत उलगडतात आणि केसिनला चिकटून पाणी धरून ठेवतात. मग निवू द्यायचं. करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजायचे, हाताला ऊन लागलं पाहिजे पण करंगळी काढावीशी वाटता कामा नये, हे झालं चाळीस-बेचाळीस अंश. (करंगळी धुतलेली, हे सांगावं लागतं म्हणून सांगतेय.) अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण, वाटीत थोड्या दुधात फेटून मग पातेल्यात. जास्त घातलं म्हणजे लवकर आणि छान लागेल असं काही नसतं, आंबट होतं आणि पाणी सुटतं. उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत आठ-दहा. पुण्याच्या जानेवारीत मी पातेलं सरळ कणकेच्या डब्यात पुरून ठेवते, सासूबाईंची युक्ती, कुठल्याही दही मेकरपेक्षा भारी.

आणि मधे मधे झाकण उघडून चमच्याने टोचून बघू नका!!! ते जाळं एकदा मोडलं की नीट जुळत नाही. हलवू नका, तिरकं करून बघू नका, लागलं की कळेल. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर मंडळी खात बसतात आणि दही आंबट ढाण होतं.

दोन फुटकळ गोष्टी याच विषयातल्या. दह्याला तार सुटली तर ते विष झालं असं नाही, काही जातीचे बॅक्टेरिया साखरेचे लांब धागे बनवतात म्हणून तसं होतं, पण मी ते विरजण पुढे चालवत नाही, दुसरीकडून आणते. गुलाबी किंवा केशरी डाग दिसला तर मात्र वरचा थर काढून खालचं खायचं नाही, अख्खं टाकायचं. आणि ते मिरचीच्या देठाने दही लावायचे व्हिडिओ... लागतं कधीकधी, देठावर खरंच लॅक्टिकवाले बॅक्टेरिया असतात. पण देठावर आणखी कोण कोण बसलंय ते मिरचीला विचारून या. शेजारणीकडून चमचाभर दही मागायला एवढी कसली लाज?

रात्रीचा भात

ही चूक मी स्वतः केलेली आहे, लॅबमध्ये नोकरीला असताना, त्यामुळे जरा विस्ताराने सांगते.

नणंदेच्या घरी पूजा होती. आदल्या रात्री पाहुण्यांसाठी मोठ्या पातेल्यात मसालेभात केला, नऊच्या सुमाराला झाला असेल. अर्ध्याहून जास्त उरला. फ्रिजमध्ये प्रसादाचं दूध, फुलं, निवडलेली कोथिंबीर, जागाच नव्हती, आणि नणंद म्हणाली गरम भात फ्रिजमध्ये ठेवला की फ्रिज बिघडतो, राहू दे वहिनी ओट्यावर. मी थकले होते. मी, जी लोकांना याच विषयावर अर्धा तास बोलून दाखवते, "बरं" म्हणाले आणि झोपायला गेले. सकाळी आठला त्याच भाताला फोडणी घालून चांगला खरपूस गरम केला, वाफ येईपर्यंत. वासाला उत्तम, चवीला आदल्या दिवसापेक्षा छान. साडेनऊला सहा जणांनी नाश्त्याला खाल्ला. साडेअकराला, गुरुजी कथा सांगत असताना, पहिली उलटी नणंदेच्या धाकट्याला. मग तिच्या नवऱ्याला. बारापर्यंत चार जण आडवे, ताप नाही, जुलाब नाहीत, नुसत्या उलट्या. आणि घरात जो तो उपासवाल्या आत्याबाईंच्या साबुदाण्याला नावं ठेवतोय, जो या चौघांनी चाखलासुद्धा नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले, नशीब.

भात कोणी लॅबमध्ये तपासला नाही, पण हे चित्र बॅसिलस सिरियसचं आहे, अगदी पुस्तकातलं. हा मातीत राहणारा, तांदळावर त्याचे स्पोअर असतातच, तांदूळ कितीही महाग असो. भात शिजताना ते मरत नाहीत, उलट भात कोमट झाला की जागे होतात आणि वाढतात. मोठं पातेलं, झाकण लावलेलं, मधला भात तासन् तास कोमट, याहून चांगली सोय त्यांना लॅबमध्येपण मिळत नाही. वाढता वाढता ते सेरुलाइड नावाचं विष सोडतात आणि आता हे नीट वाचा: हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुमचा प्रेशर कुकर १२० च्या आसपास जातो. म्हणजे सकाळी फोडणी घाला, मायक्रोवेव्ह करा, कुकरला आणखी चार शिट्ट्या द्या, बॅक्टेरिया मरतील, विष तिथेच. "नीट गरम करून घेतलं की काही होत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि दर वेळी मला गुरुजींचा चेहरा आठवतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे, म्हणून जास्त राग येतो. भात उरला की परातीत पातळ पसरा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं, मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. एका तासात झालं तर उत्तम, दोन तासांच्या पुढे अजिबात नाही. डबे छोटे घ्या, एक मोठा नको. फ्रिज बिघडत नाही हो पसरून निवलेल्या भाताने.

आता कोणीतरी म्हणणार, आमची आजी रोज शिळा भात खायची, नव्वद वर्षं जगली. आजी उरेल एवढा भात लावतच नव्हती, आणि उरलाच वाटीभर तर तो पहाटे संपायचा. दुसरं, ओडिशातलं पखाळ घ्या, तिकडे भातात पाणी घालून मुद्दाम आंबवतात, त्या आंबट पाण्यात या सिरियसची डाळ फारशी शिजत नाही. कोरडा मसालेभात झाकून ठेवणं म्हणजे पखाळ नव्हे.

बाकीच्या, पटापट

इडलीचं पीठ फुगलं नाही म्हणून इनो घालणं. पीठ फुगवतात ते ल्युकोनॉस्टॉक वगैरे बॅक्टेरिया, ते मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात, आंबटपणाही तेच देतात. थंडीत त्यांना बारा-चौदा तास लागतात, द्या. इनोने फुगतं, आंबत नाही. वाटून तासाभरात इडली पाहिजे असेल तर रव्याची करा आणि तिला रव्याची इडली म्हणा.

मोड आलेलं कडधान्य कच्चं खाणं. हे पौष्टिक म्हणून सगळ्या डाएटवाल्यांनी डोक्यावर घेतलंय. मोड यायला जे लागतं, ऊब, ओल, दोन दिवस, तेच साल्मोनेला आणि ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या बॅक्टेरियांनाही लागतं. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हिशोब केलात तर एकाचे सात तासांत वीस लाख. २०११ मध्ये जर्मनीत मोडांमधून ई. कोलायची साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त गेले, आणि शोध घेत घेत गाडी पोचली ती इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. मेथी! आपली मटकीची उसळ शिजवलेली असते हा आपल्या आज्यांचा शहाणपणा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं घरात असतील तर मोडांना दणदणीत वाफ काढाच.

सोललेला लसूण तेलात बुडवून महिनाभर ओट्यावर. हवा नाही, आंबट नाही, म्हणजे बोट्युलिझमवाल्या (स्नायू लुळे पाडणारी, जिवावर बेतणारी विषबाधा) क्लॉस्ट्रिडियम बॅक्टेरियाला आमंत्रण. लोणच्यात तेल असतंच की, असं म्हणाल, पण लोणच्यात मीठ आणि कैरी-लिंबाचा आंबटपणाही असतो, राखण तो करतो, तेल फक्त वरून झाकतं. कमी मिठाचं "हेल्दी" लोणचं करून त्याला बुरशी आली की मला फोटो पाठवू नका.

बारशाच्या आधी बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवणं. वर्षाच्या आत मध नाही. थेंबभरही नाही, गुटीतही नाही. याच क्लॉस्ट्रिडियमचे स्पोअर मधात असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. आजेसासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा.

चिकन नळाखाली धुणं: बॅक्टेरिया निघत नाहीत, शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कोशिंबिरीवर जातात.

दूध फ्रिजच्या दारात: दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा. आत, मागे ठेवा. लाइट गेले तर फ्रिज उघडून "गार आहे का" बघत बसू नका, बंद ठेवला तर चारेक तास तग धरतो.

बोट कापलेलं असताना पेढे वळणं: जखमेतला स्टॅफिलोकोकस खव्यात जातो आणि याचंही विष उकळण्याला दाद देत नाही. वळायचेच असतील तर दुसऱ्या कोणाला बसवा.

कढीतून प्रोबायोटिक मिळतात असं समजणं: उकळलीत ना? मग गेले. कढी चवीसाठी प्या, जिवंत बॅक्टेरिया हवे असतील तर ताक प्या, आणि ताकाने शंभरी गाठू असंही नको. दह्याने आयुष्य वाढतं हे जगभर सांगत फिरणारे मेचनिकॉव्ह, १९०८ चे नोबेलवाले, एकाहत्तराव्या वर्षी गेले.

एवढं करूनही बाधलंच तर

किती वेळाने त्रास झाला ते आधी बघा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत नुसत्या उलट्या असतील तर बहुधा आधीच तयार असलेलं विष पोटात गेलंय. जुलाब, ताप, कळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आल्या तर बॅक्टेरिया पोटात जाऊन वाढलेत. दोन्हीत पहिलं काम ओआरएस, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात, घोट घोट. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून खायची नाही, सेरुलाइडला तिचा काही फरक पडत नाही. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी बंद किंवा मूल मलूल झालं तर वाट न बघता डॉक्टर. जाताना गेल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं ते वेळेसकट कागदावर लिहून न्या. लोक फक्त शेवटचं खाल्लेलं सांगतात आणि सगळं बिचाऱ्या पाणीपुरीवाल्यावर जातं.