मृगाच्या आत विमान आवरून घ्या

मे महिना लागला की सातारा जिल्ह्यात सगळ्यांचीच आवराआवर सुरू होते. कौलं परतायची, जळण आत घ्यायचं, गोठ्याच्या पत्र्याला खिळे मारायचे. ज्यांच्या शाळेच्या, स्मारकाच्या किंवा चौकाच्या आवारात वायुसेनेचं निवृत्त विमान उभं आहे, त्यांच्या मागे यात आणखी एक काम आहे, आणि वळवाची पहिली सर येण्याआधी त्याला हात घालायला हवा. मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो. विमानाचं धड, पंख आणि चाकं हेच माझं काम होतं. म्हणून ही तयारी सविस्तर लिहितो आहे. बहुतेक गोष्टी शाळेचा शिपाई, दोन माजी सैनिक आणि चार मोठी मुलं मिळून करू शकतात.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. उभं असलेलं विमान म्हणजे शोभेची वस्तू नाही. उद्या ते उडवायचं आहे असं समजूनच त्याची निगा राखायची. हे नुसतं भावनेपोटी सांगत नाही. एमव्ही २९३ क्रमांकाचं एक स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, आपल्या वायुसेनेने बंगळूरला जमिनीवरच्या प्रशिक्षणासाठी ठेवलं होतं. तंत्रज्ञ त्यावर काम शिकायचे. १९७८मध्ये ते इंग्लंडला गेलं, तिथे त्याची उभारणी झाली आणि १९९०च्या दशकात ते पुन्हा आकाशात गेलं. त्याआधीची लिबरेटर बॉम्बर्सची हकिकत तर प्रत्येक फिटरला पाठ असते. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला ही विमानं मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. १९४८मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली चाळीसच्या आसपास उभी करून बंगळूरला नेली, आणि ती १९६८पर्यंत सेवेत राहिली. पुढे त्यांतलं एक अमेरिकेत गेलं आणि पुन्हा उडालं. कोणतं धड कधी कामाला येईल हे आज ठरवता येत नाही, म्हणून कोणतंच कुजू द्यायचं नाही.

सुरुवात कागदांपासून करा. विमान ताब्यात घेताना मिळालेले कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात असतील, ते काढून वाचा. इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवण्याची काडतुसं काढल्याची नोंद त्यात स्पष्ट आहे ना, हे पाहा. नोंद सापडली नाही तर कॉकपिटला कुलूप लावा आणि वायुसेनेकडे लेखी विचारणा करा. उत्तर येईपर्यंत कोणालाही आत बसू देऊ नका, मग पाहुणे कितीही मोठे असोत. जुन्या विमानांच्या कॉकपिटमधल्या काही घड्याळांच्या, म्हणजे मापकांच्या, काट्यांवर रेडियमचा किरणोत्सारी रंग असतो. काच शाबूत असेल तोवर काही करायचं नाही. काच तडकलेली दिसली तर बोटही लावू नका, जाणकाराला बोलवा. आणि आठवण म्हणून घड्याळ किंवा बटण घरी नेण्याची पद्धत असेल तर ती आजपासून बंद करा.

आता पाणी. विमान पावसात भिजल्याने कुजत नाही, पाणी आत साठल्याने कुजतं. धडाच्या आणि पंखांच्या खालच्या बाजूला बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी गळून जाण्यासाठी. उन्हाळाभर उडालेली धूळ, मुंग्यांची माती आणि जुन्या रंगाचे थर यांनी ती बुजतात. विमानाखाली पाठीवर झोपा, हातात विजेरी घ्या आणि नाकापासून शेपटीपर्यंत एकेक भोक शोधा. लाकडी काडीने किंवा नायलॉनच्या दोऱ्याने मोकळं करा. खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कारण भोकाच्या कडेवरचं संरक्षक आवरण खरवडलं की तिथूनच झीज सुरू होते. ज्यांचं विमान खांबावर नाक वर करून बसवलेलं आहे, त्यांनी शेपटीकडचा भाग दोनदा तपासावा, सगळं पाणी तिकडेच उतरतं. तिथे भोक पुरत नाही असं वाटलं तर स्वतः ड्रिल चालवू नका. कुठल्या पत्र्यामागे फासळी आहे हे बाहेरून कळत नाही.

पाखरांचा बंदोबस्त पाण्याइतकाच महत्त्वाचा. साळुंकी आणि पारवे एअर इन्टेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या तोंडात) आणि मागच्या जेटपाइपमध्ये (गरम वायू बाहेर पडतो त्या नळीत) घरटी करतात. त्यातलं गवत ओल धरून ठेवतं आणि विष्ठा धातू खाते. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, त्या बाजूचं काम नंतर करा. म्हणून ही तपासणी खरं तर होळीच्या सुमारासच व्हायला हवी. मग दोन्ही तोंडांना बारीक जाळी बसवा, लाकडी चौकटीवर ताणलेली, कडेला फेल्ट लावून. प्लास्टिकने तोंड बांधू नका, आत हवा खेळली पाहिजे. नाकाजवळची पिटो ट्यूब, म्हणजे हवेतला वेग मोजायची नळी, नीट पाहा. बोटभर जाडीची ही नळी कुंभारमाशीला फार आवडते आणि ती तिचं तोंड मातीने लिंपून टाकते. सेवेत असताना या नळीवर लाल फडकं लटकवलेलं आवरण असायचं, तसंच कॅनव्हासचं शिवून घ्या. शिंपी अर्ध्या तासात देतो.

धुण्यासाठी मऊ पाणी आणि सौम्य साबण एवढंच लागतं. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यांतलं काहीही ॲल्युमिनियमला लावायचं नाही. तारेचा ब्रश आणि स्टील वूल तर आवारातसुद्धा आणू नका. त्यांचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. साबण खालून वर लावत जा म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि पाणी मात्र वरून खाली मारा. काही रिवेटांमागे (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांमागे) वाऱ्याच्या दिशेने गेलेली बारीक काळी रेघ दिसेल. हा मळ म्हणून घासू नका. उडताना रिवेट किंचित हलत राहिला की धातूची काळी भुकटी बाहेर पडते, तिची ती खूण आहे. तिचा फोटो काढा आणि जागा वहीत लिहा.

धुऊन विमान वाळलं की सकाळच्या तिरप्या उन्हात पत्र्यावरून नजर फिरवा. रंगाला फोड आलेला दिसला तर त्याखाली पांढरी पूड असते. लोखंड तांबडं गंजतं, ॲल्युमिनियम पांढरं. पत्रा पापडासारखा थरांनी सुटत असेल तर दुखणं खोलवर गेलं आहे, तिथे वरून रंग मारणं म्हणजे जखम झाकणं. सगळ्यात जास्त झीज दोन वेगळे धातू भेटतात तिथे होते. कोणीतरी मागाहून बसवलेला साधा लोखंडी बोल्ट शोधा आणि तो बदलून घ्या. सातारा एमआयडीसीत बोल्टखाली घालायचा नायलॉनचा वॉशर हवा तसा करून मिळतो. जुन्या चाकांचे हब बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात, ते आणखी लवकर जातात आणि पेटले तर विझत नाहीत. त्यामुळे चाकांच्या आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात नको.

टायरवरचा भार कमी करायचा असेल तर जॅक फक्त ठरलेल्या जागीच लावा. तिथे खूण केलेली असते. पंखाच्या पत्र्याखाली ओंडका देऊन विमान उचलू नका. पायातल्या ओलिओत, म्हणजे उतरताना धक्का झेलणाऱ्या नळकांड्यात, दाबाखालचा वायू असू शकतो, त्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हबचे बोल्टही हवा भरलेली असताना सैल करायचे नाहीत.

कॅनोपी काचेची नसते, पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. काच पुसायचा फवारा, स्पिरिट किंवा पेट्रोल लागलं की तिच्यात केसासारख्या भेगा पडतात आणि त्या कधीच भरून येत नाहीत. भरपूर पाणी घ्या, धुतलेलं मलमल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. वरून सुती कापडाचं आवरण घाला. ताडपत्री गुंडाळली की आत दमटपणा कोंडतो, आणि जावळी-पाटणच्या पावसात तर दोन महिने ऊन दिसत नाही. ऊन फार असलेल्या माण-खटावकडे विमानाच्या वर, त्याला न टेकता, शेतातली हिरवी शेडनेट ताणा. रबर आणि पर्स्पेक्स दोन्ही वाचतात.

वळवाचा वारा पाऊसपाण्याच्या आधी येतो. एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या कडेचे हलते भाग, मोकळे असतील तर ते आपटून बिजागऱ्या तोडतात. त्यांना फेल्ट लावलेल्या लाकडी पाचरांनी धरून ठेवा. विमान जमिनीवर असेल तर बांधायच्या कड्यांमधून दोर घेऊन काँक्रीटमध्ये रोवलेल्या खुंट्यांना बांधा. खांबावर असेल तर खांबाचं वेल्डिंग आणि पायाचे बोल्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून लेखी घ्या, आणि वीजरोधकाचं अर्थिंगही मोजून घ्या. सांगलीकरांनी आणखी एक विचार करावा. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पोकळ धड आणि रिकाम्या टाक्यांचं विमान पुरात उचललं जाऊ शकतं. चौथरा पूररेषेच्या वर नसेल तर दोर पक्के हवेतच, शिवाय पाणी ओसरल्यावर गाळ वाळायच्या आत धुवायला पंप कुठून आणायचा, हे आजच ठरवून ठेवा.

रंगाबद्दल मी हट्टी आहे. पावसाळ्याआधी रंग द्यायचा म्हणून गावातल्या पेंटरला बोलावून सगळं चकाचक करून घेण्याची घाई नको. पत्र्यावर बारीक अक्षरात छापलेल्या सूचना, क्रमांक आणि बाण हे त्या विमानाचं चरित्र आहे. आधी प्रत्येक अक्षर बटर पेपरवर उतरवून घ्या, मापं लिहा, फोटो काढा. एका कोपऱ्यात रंगाचे थर हळूच घासून पाहिले की खाली जुना रंग, कधी एखाद्या स्क्वाड्रनचं चिन्ह निघतं. ते झाकण्याआधी नोंदवायला हवं. गोल चिन्हात हिरवा मध्ये, पांढरा त्याभोवती आणि केशरी बाहेर, हा क्रम पेंटरला कागदावर काढून द्या. क्रमांक मनाने घालू नका. २०१८मध्ये वायुसेनेत दाखल झालेल्या डाकोटा या जुन्या वाहतूक विमानाला व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला गेला, तो २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला जवान उतरवणाऱ्या डाकोटाच्या स्मरणार्थ. क्रमांकाचं मोल एवढं असतं. धातूची माहितीपट्टी रंगाने भरू देऊ नका, चिकटपट्टी लावून झाका. आणि पंधरा ऑगस्टच्या रोषणाईसाठी पंखांना भोकं पाडून दिवे बसवायची कल्पना कोणी मांडली तर ठाम नकार द्या, दिवे जमिनीवर ठेवूनही विमान उजळतं.

हे सगळं एका जाड वहीत उतरवा. दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच कोनातून तेच फोटो काढा, म्हणजे फोड वाढला की थांबला ते कळतं. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. आता त्यांच्यावर काम केलेली माणसं घरोघरी आहेत, अपशिंग्यासारख्या सैनिकी परंपरेच्या गावांच्या जिल्ह्यात तर हाकेच्या अंतरावर. त्यांना बोलवा, पॅनेलवर हात ठेवून ते काय सांगतात ते लिहून घ्या.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी एकाने विमानाखाली जाऊन पाहायचं, कुठल्या भोकातून पाणी गळतं आहे आणि कुठलं कोरडं आहे. कोरडं भोक म्हणजे आत तुंबलेलं पाणी, ते त्याच दिवशी मोकळं करा. उघडीप मिळाली की कॉकपिट तासभर उघडा ठेवा आणि सिलिका जेलच्या पिशव्या बदला. दसऱ्याच्या सुमारास जाळ्या काढून धुवा, दोर तपासा, वहीतली यादी पुन्हा पहिल्यापासून चालवा, आणि ८ ऑक्टोबरला वायुसेना दिनी मुलांना माहितीपट्टी वाचायला रांगेने आणा.