फिजीत बुडी मारायची तर आधी तिथी बघा

फिजीला जायचं ठरलं की लोक आधी रिसॉर्ट शोधतात, मग हवामान बघतात. मी म्हणते, कॅलेंडर काढा आणि अष्टमी कधी आहे ते बघा. तावेउनी आणि वनुआ लेवू या बेटांमधल्या सोमोसोमो सामुद्रधुनीत रेनबो रीफ हा प्रवाळखडकांचा पट्टा आहे आणि तिथलं सगळं भरती-ओहोटीवर चालतं.

फिजी प्रसिद्ध आहे ती मऊ प्रवाळांसाठी. वाहत्या पाण्याबरोबर येणारे बारीक जीव हे त्यांचं खाणं. प्रवाह सुरू झाला की ते अंगात पाणी भरून फुगतात आणि जांभळे, केशरी, गुलाबी रंग उघडे पडतात. पाणी थांबलं की तेच प्रवाळ ओल्या फडक्यासारखे खडकाला चिकटून बसतात. म्हणजे नवख्याला हवं असलेलं संथ पाणी आणि बघण्याजोगा प्रवाळ, दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अष्टमीच्या आगेमागे जावं. तेव्हाच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीला पाणी वाहतं, पण ओढून नेत नाही. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण अनुभवी लोकांसाठी सोडा. नेमकी वेळ गाइड ठरवेल. नऊची बोट अकराला सुटली तर कुरकुर करू नका. तो पाण्याची वाट बघत असतो.

महिने मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या विन्स्टनने बेटांसकट रीफही झोडपून काढले होते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. ऐकायला उबदार वाटतं, पण पाऊण तासात दात वाजायला लागतात. अंगभर वेटसूट मागून घ्या.

बाकी सामान तिथे भाड्याने मिळतं. नांदीहून तावेउनीला जाणारं विमान छोटं, सामानावर मर्यादा कडक. मास्क मात्र स्वतःचाच न्या. घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. खाली पडला तर तो तुमचा नव्हे. मिशीवाल्यांनी नाकाखालची रेघभर जागा भादरावी, नाहीतर पाणी झिरपत राहतं. नवीन काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा. पुढे रोज पाण्यात शिरताना थुंकी चोळली की पुरे.

स्नॉर्कलिंगपासून सुरुवात करायची असेल तर तावेउनीच्या पूर्व किनाऱ्यावर वाइताबू गाठा. १९९८ पासून गावकऱ्यांनीच तिथली मासेमारी बंद ठेवली आहे आणि गाइडही गावातलाच असतो. गावात शिरताना टोपी-गॉगल काढा, खांदे-गुडघे झाका. दुसऱ्या एखाद्या गावात स्वतःहून जाणार असाल तर बाजारातून यंगोनाच्या, म्हणजे कावा हे पेय ज्यापासून करतात त्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी घ्या आणि आधी गावप्रमुखासमोर ठेवा. समोरचा समुद्रही त्या गावाचाच मानला जातो.

स्कुबासाठी प्रमाणपत्र इथूनच घेऊन जा. सुट्टीचे दिवस वर्गात घालवू नका. तिथे पहिल्या बुडीला, खाली जाण्यासाठी अंगावर लावायची वजनं तपासून घ्या. तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढून, नेहमीचा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं तर वजन बरोबर. जास्त वजन लावलेला माणूस पाय खाली सोडून चालल्यासारखा पोहतो आणि त्याचे फिन्स प्रवाळ मोडत जातात. कान पहिल्या मीटरपासूनच मोकळे करत राहा. दुखल्यावर नाक दाबून जोर लावणं हा मूर्खपणा आहे. थोडं वर या, मग पुन्हा प्रयत्न करा.

प्रवाहात पोहायचं नाही, वाहायचं. अंग आडवं ठेवा, हात छातीशी धरा, भिंतीच्या जवळ राहा. बोट तुमच्या बुडबुड्यांमागून येते. ग्रेट व्हाइट वॉल, म्हणजे पांढऱ्या मऊ प्रवाळाने मढलेली ती प्रसिद्ध भिंत, नवख्यांच्या १८ मीटरच्या मर्यादेपलीकडे आहे. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स नसेल तर हट्ट धरू नका. कॅबेज पॅच कमी खोलीवर आहे आणि पानांसारख्या कडक प्रवाळांचं ते मैदान मला तरी भिंतीइतकंच आवडतं.

पट्टेरी समुद्रसाप दिसला तर घाबरू नका. विषारी असला तरी आपणहून अंगावर येत नाही. शंकूसारखा शंख मात्र कितीही सुंदर दिसला तरी उचलू नका, त्यातल्या काही जातींचा डंख जीवघेणा असतो. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असेल तर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर पळालात तर हद्दीतच राहता. आडवे निसटा.

शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा. नांदीचं छोटं विमानही त्यात धरा. त्या रिकाम्या दिवशी स्नॉर्कलिंग चालतं, आणि नाहीतर बोउमाचे धबधबे आहेतच.